खालून आलेली ओ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही. तशा बायकोपासून लपवलेल्या बारीकसारीक गोष्टी कुणाच्या नसतात? मी चोरून तंबाखू खातो हे तिला ठाऊक नाही असं मी धरून चालतो, आणि मी तसं धरून चालतो हे तिला पक्कं ठाऊक आहे. हे त्यातलं नाही. हे बोलायला घेतलं की माझी गाडी भलतीकडेच वळते — हवापाणी, शनिवार-रविवारची लोणावळ्यातली गर्दी, बंगल्याच्या मालकाचा लाडावलेला कुत्रा. बघा, आताही तेच चाललंय.

मी लोणावळ्यात दोन बंगल्यांची देखरेख करतो. पाहुणे आले की किल्ली द्यायची, गीझर लावून द्यायचा, गाण्यांचा आवाज कमी करा म्हणून हात जोडायचे. लोक मॅनेजर म्हणतात, मीही म्हणू देतो. पण जन्मानं मी गुरव. टाकवे बुद्रुकच्या पुढे आत आत जात राहिलं की एका ठिकाणी डांबर संपतं, तिथून थोडं पुढे आमचं गाव. गावामागे रानाचा एक पट्टा आणि त्याच्या पलीकडे एकदम कडा, खाली कोकण. गावाचं नाव सांगत नाही. गावानं काही केलेलं नाही. केलं ते मी.

गावात भैरोबाचं देऊळ आहे. त्याची पूजाअर्चा आम्हा गुरवांकडे, भावकीत पाळीपाळीनं. भैरोबा म्हणजे नाकडोळ्यांची मूर्ती नव्हे, शेंदूर माखलेला उभा तांदळा आहे, न घडवलेला दगड, कमरेएवढा. या देवाला कौल लावतात. माणूस अडला, काही सुचेना — मुलीचं स्थळ, विहिरीची जागा, कुणाचं दुखणं — की देवाला विचारायचं. देवाला अंघोळ घालून त्याच्या ओल्या अंगावर कण्हेरीच्या दोन कळ्या चिकटवायच्या, एक उजव्या खांद्याला, एक डाव्या. गाऱ्हाणं घालायचं आणि थांबायचं. उजवी आधी पडली तर देवाचा होकार, डावी पडली तर नकार. कधी पटकन पडते, कधी लोक दुपार दुपार बसून राहतात. कळ्या लावायचं काम गुरवाचं.

मला ते वडिलांनी शिकवलं. कळी लावायची, हात काढायचा, मागे सरायचं. त्यांच्या शिकवणीत एवढंच होतं, आणि आणखी एक गोष्ट होती. देवाच्या डाव्या खांद्याशी, शेंदराच्या थरात एक खळगा आहे. नुसतं बघून दिसत नाही, बोटाला लागतो. वडिलांनी माझं बोट धरून तो मला दाखवला आणि म्हणाले, "हितं कळी बसली का अडकून ऱ्हाती. म्हनून हितं लावायची न्हाई. समजलं?" मी म्हणालो, समजलं. जे टाळण्यासाठी त्यांनी माझ्या हातात दिलं होतं — पण थांबा. अजून तिथे आलो नाही.

देवावर माझा विश्वास होता का? तुम्ही विचारणार, म्हणून आधीच सांगतो. नव्हता, आणि नव्हता असंही नाही. गुरवाच्या घरात देव म्हणजे काम असतं. पहाटे उठा, पाणी भरा, काल वाहिलेली फुलं काढा, उंदरांनी खाल्लेली वात बदला. ज्याला रोज अंघोळ घालायची त्याच्यापुढे छातीत धडधडत नाही. लोक डोळे मिटून उभे असायचे तेव्हा मी त्यांच्या चेहऱ्यांकडे बघत असायचो. मला वाटायचं, यांना तिथे कुणीतरी दिसतंय आणि मला फक्त दगड दिसतोय. त्यात थोडा माजही होता, खोटं कशाला बोलू.

आमच्या घराला लागून हौसामावशीचं घर. मधली भिंत एकच, मातीची. मावशी म्हणजे नात्यानं कुणी नव्हे, पण लहानपणापासून मावशीच. तिच्या नवऱ्याला सगळे बबनआबा म्हणायचे. मूलबाळ नव्हतं त्यांना. दोन म्हशी, थोडी भातखाचरं, आणि दिवसातून दोनदा भांडण. आबा सकाळी चहा पांचट झाला म्हणून भांडायचे आणि मावशी संध्याकाळी ते सकाळी का भांडले म्हणून. भिंतीला कान न लावताही सगळं ऐकू यायचं. माझी आई म्हणायची, यांचं भांडण ऐकू आलं नाही तर मला घास उतरत नाही.

तो श्रावण होता. घाटमाथ्यावरचं धुकं तुम्ही लोणावळ्याला येऊन बघितलं असेल. तुम्हाला ते फोटोपुरतं. आमच्या गावात श्रावणात ते घरात शिरतं. संध्याकाळी एक म्हैस परत आली नाही. त्यावरून दोघांची जुंपली, आणि मावशी काय म्हणाली तेही मी भिंतीतून ऐकलं. "म्हैस घेतल्याबिगर घरात पाऊल टाकू नगंस." आबा टॉर्च घेऊन कड्याच्या बाजूला गेले.

म्हैस पहाटे आपली आपण येऊन गोठ्यासमोर उभी राहिली. आबा आले नाहीत.

सकाळपासून गाव रानात. हाका मारून घसे बसले. पावलापुढचं दिसत नव्हतं. वडगावला पोलिसांना कळवलं. ते येऊन गेले, लिहून घेऊन गेले. दरीत दोर लावून उतरणारी पोरं असतात, त्यांनाही फोन केला. ती दुसरीकडे कुठल्या धबधब्यात अडकलेल्या पर्यटकांना काढत होती. म्हणाली, उद्या सकाळी येतो, तोवर कुणी वाट माहीत असलेला असेल तर थोडं उतरून हाका मारा.

वाट माहीत असलेला. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं.

कड्यातून खाली उतरायला एक नाळ आहे — उभी घळ, दगडधोंड्यांची. तिच्यातून मी उतरतो, अर्ध्या तासात खाली जाऊन येतो, डोळे बांधले तरी उतरेन, असं मी वर्षानुवर्षं पारावर बसून सांगत आलो होतो. उतरलोही होतो, उन्हाळ्यात. एकदाच पावसाळ्यात गेलो, आणि पाय सुटला. एका मुळीला धरून मी लोंबकळत राहिलो, किती वेळ ते मला माहीत नाही. पायाखाली काही नव्हतं, नुसतं पांढरं. पँट ओली झाली होती, आणि ती पावसानं नव्हे. वर आल्यावर मी हे कुणाला सांगितलं का? छे. उलट त्या संध्याकाळी पारावर आणखी दोन थापा मारल्या. आता त्या थापा माझ्यासमोर येऊन उभ्या होत्या आणि गाव म्हणत होतं, सुभाष हाय की, सुभाष उतरंल.

मी नाही म्हणू शकलो असतो. मला भीती वाटते — एवढे तीन शब्द. कुणी फासावर दिलं नसतं. कुणीतरी दुसरा उतरला असता, मी वरून वाट सांगितली असती. ते तीन शब्द माझ्या तोंडातून निघाले नाहीत.

त्याऐवजी मी म्हणालो, "आधी देवाला विचारू."

कुणाला त्यात वावगं वाटलं नाही. उलट म्हातारी माणसं म्हणाली, गुरवाला बरोबर सुचलं. गाव देवळात जमलं. मावशी खांबाला टेकून बसली होती, पदर तोंडात धरून. तिच्या मनात काय चाललं होतं ते मला माहीत होतं, कारण ते वाक्य मी भिंतीतून ऐकलं होतं. आबा आधी एकदा रुसून कर्जतला बहिणीकडे जाऊन राहिले होते, म्हणून या वेळीही तसंच असेल अशी कुजबुज होती. गावातल्या सगळ्यांत वडीलधाऱ्या माणसानं गाऱ्हाणं घातलं: बबन कुठंतरी सुखरूप असंल तर उजवी दे, दरीत असंल तर डावी दे.

मी देवाला अंघोळ घातली. उजवी कळी लावली — सपाट जागी, तेल जिरलेल्या शेंदरावर, जेमतेम टेकवली. डावी हातात घेतली. पाठीमागे सगळं गाव डोळे मिटून. मी बोटानं खळगा चाचपला. तो तिथेच होता. मी कळी त्यात बसवली आणि अंगठ्यानं दाबली.

हे मी केलं.

त्या वेळी माझ्या मनात काय होतं, हे मी पुष्कळदा आठवून बघितलंय. चुकून बोट गेलं असेल? नाही. हात थरथरला असेल? तोही नाही. हात अगदी स्थिर होता. माझ्या मनात एवढंच होतं की इथे कुणी नाही. दगड आहे आणि मी आहे, आणि कुणी बघत नाही.

मी मागे सरलो न सरलो तोच उजवी पडली.

देवळात जो आवाज झाला तो अजून माझ्या कानात आहे. बाया रडत होत्या, हसत होत्या. कुणीतरी घंटा वाजवली. मावशी उठली, अडखळत आली आणि देवाच्या आधी माझ्या पायावर डोकं ठेवलं. तिच्या केसांत पावसाचं पाणी होतं, ते माझ्या पावलांना लागलं. मी तिला उठवलं नाही. मला वाकताच येईना.

दोरवाल्या पोरांना फोन करून सांगितलं, येऊ नका, माणूस दुसरीकडे गेलाय. कर्जतला निरोप धाडला. लोक घरी जाऊन जेवले.

एकट्या सदाभाऊंना ते पटलं नाही. सदाभाऊ आमच्या गावच्या बौद्धवाडीतले. रेल्वेत गँगमन होते, रुळांवरून चालत आयुष्य गेलेलं, तेव्हा नुकतेच निवृत्त झाले होते. आबांचे ते शाळेपासूनचे सोबती. ते देवळाच्या बाहेर छत्री धरून उभे होते. आत यायची त्यांना गरज वाटत नसे, आणि गावालाही ते आत आलेलं फारसं चाललं नसतं, हेही सांगून टाकतो. ते म्हणाले, "देव काय म्हनायचं ते म्हनू द्या, पर आपन खाली बघून तर येऊ. बगायला काय जातंय?"

कुणीतरी म्हणालं, तुमी देव सोडलाय, तुमाला काय कळायचं त्यातलं. हसले काही जण. मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी त्यांच्या घरी चहा प्यायलेला, त्यांच्याच ओळखीनं मला एका ठेकेदाराकडे काम मिळालं होतं. मी म्हणालो, "भाऊ, हे देवाचं काम आहे. तुम्ही मध्ये पडू नका."

त्यांनी छत्री मिटली आणि पावसातच कड्याच्या दिशेनं निघून गेले.

दुसऱ्या दिवशी दिवेलागणीला ते माझ्या दारात आले. अंगावर चिखल, हाताला खरचटलेलं. दिवसभर कड्याच्या काठानं फिरून थाळी वाजवत हाका मारत होते म्हणे. आत या म्हटलं तरी आले नाहीत. हळू आवाजात म्हणाले, शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून — "सुभाष, खालनं ओ आली. मी हाक मारली आन् ओ आली. दोन येळा. नाळंच्या अंगानं. तू वाट दाव, मी उतरतो. तू वरच थांब पायजे तर."

तू वरच थांब. तुम्ही ऐकलंत ना? मला उतरायचंही नव्हतं. नाळेच्या तोंडाशी जायचं, बोट दाखवायचं — या धोंड्याच्या उजवीकडून, मग त्या झाडाला धरून. एवढंच. मग का नाही गेलो? कारण आबा खाली सापडले असते तर कौल खोटा ठरला असता. आणि देव खोटं बोलत नाही हे सगळ्यांना ठाऊक होतं. मग खोटं कोण बोललं, हे विचारायला गाव थेट माझ्या दारात आलं असतं.

मी म्हणालो, "भाऊ, वारा असेल. कड्यावर वारा तसाच वाजतो."

"वाऱ्याला ओ देता येती व्हय रं?" असं ते म्हणाले आणि गेले. त्यांनी भाच्याला घेऊन, म्हैस बांधायच्या दोरानं, आपल्या आपण उतरायचा प्रयत्न केला. वाट न सापडून अर्ध्यातून परत आले. त्यानंतर ओ आली नाही.

कर्जतहून निरोप आला, आबा तिकडे नाहीत. पण कौल उजवा होता. मग मुंबईला गेला असेल, पंढरीला गेला असेल, बैराग्यांच्या मागे लागला असेल — कौलानं दाखवलेल्या बाजूला गाव जागा शोधत राहिलं. दरीचं नाव पुन्हा निघालं नाही.

उन्हाळ्यात मी एकटा उतरलो. नाळ कोरडी होती, पोराटोरांनाही जमेल अशी. फार खाली जावं लागलं नाही. एका पुढे आलेल्या कातळाखाली ते होते. म्हणजे जे उरलं होतं ते, पायाचं हाड मोडलेलं. टॉर्च होती. प्लॅस्टिकचा कागद होता, तो ते पावसात डोक्यावरून घ्यायचे. आणि पाणी आत येऊ नये म्हणून त्यांनी समोर दगडांचा छोटा बांध घातला होता. हाताला लागतील ते दगड, एकावर एक, खाचराच्या बांधासारखे नीट. असा बांध घालायला वेळ लागतो. पाय मोडलेल्या माणसाला तर फार वेळ लागतो.

आतल्या बाजूला, त्यांच्या डोक्याशी येईल असा, एक लांबट धोंडा उभा करून ठेवला होता. त्याच्यापुढे वाळलेली पानं. काही अगदी जुनी झालेली, त्यांच्यावर दुसरी ठेवलेली. रोजची असावीत.

मी तिथे बसलो. वर देवळात ज्याला मी दगड म्हणालो होतो, तो इथे खाली एका माणसानं दगडातून उभा केला होता, आणि त्याच्या सोबतीनं तो माणूस पडून होता. त्याला कुणी दिसत होतं का? आधार वाटत होता का? की शेवटी शेवटी त्यालाही दगडच दिसला? मला कळायला मार्ग नाही. मला एवढंच कळलं की मी चुकीचं समजत होतो. देवळात त्या दिवशी मी एकटा नव्हतो. हे मला भक्तीनं कळलं नाही, भीतीनं कळलं. आणि तेव्हापासून मी एकटा असा कधी झालोच नाही. बंगल्याच्या रिकाम्या खोल्यांमध्ये दिवे बंद करत फिरताना, आरशात पाठीमागे बघताना — कुणी दिसत नाही, पण कुणी नाही असंही वाटत नाही. लोक म्हणतात, देव पाठीशी आहे म्हणून निर्धास्त झोपावं. माझ्या पाठीशी तो आहे, आणि मला झोप लागत नाही.

त्या बांधातलेच दगड घेऊन मी सगळं झाकलं. उभा धोंडा तसाच ठेवला. त्याला हात लावायची हिंमत झाली नाही. वर आलो आणि कुणाला काही सांगितलं नाही. पहिल्या वेळी घाबरून केलं असं म्हणता येईल. हे दुसरं मी शांत डोक्यानं, भर दुपारी केलं.

मग भिंतीपलीकडची संध्याकाळ सुरू झाली. भांडण करायला कुणी उरलं नव्हतं. मावशी दिवेलागणीला उंबऱ्यात दिवा ठेवायची आणि मोठ्यानं बोलायची, अगदी समोरच्याशी बोलावं तसं. "देवा, तू हाईस न्हवं? मग जितं आसंल तितं त्याच्याजवळ ऱ्हा. मी वंगाळ बोलले त्याला. तू जवळ ऱ्हा." रोज. कपाळाला ठसठशीत कुंकू, हातात हिरव्या बांगड्या, हळदीकुंकवाला पुढे. आणि भिंतीच्या अलीकडे मी, ताटावर बसलेला. घास उतरत नाही असं आई म्हणायची, आता तो मला उतरत नव्हता. पुढच्या पाळीला मी पूजा चुलतभावाकडे दिली, म्हणालो नोकरी करायची आहे, आणि लोणावळ्याला आलो. सगळ्यांना वाटलं सुभाष शहाणा निघाला.

सदाभाऊ एकदा वडगावला भेटले, स्टेशनाबाहेर. खूप थकले होते. इकडचं तिकडचं बोलले, पोराची नोकरी वगैरे. मग एकदम म्हणाले, "मी चुकलो रं सुभाष. ओ आली तवा तसाच उतराया पायजे हुतो. वाट असो नसो. माझ्यामुळं गेला बबन." मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणालो, "तुमचा काय दोष, भाऊ?" माणूस किती खालच्या पायरीला जाऊ शकतो? दोष त्यांचा नाही हे सांगितलं. कुणाचा ते सांगितलं नाही. त्याच हिवाळ्यात ते वारले. तो भार बरोबर घेऊनच गेले.

या चैत्रात जत्रेला गावी गेलो. जायचं टाळता येईना, बायको म्हणाली वर्षानुवर्षं पालखीला खांदा नाही दिलात. देवळात मावशी भेटली. म्हातारी झाली आहे, कमरेत वाकली आहे. मला बघून तिचा चेहरा उजळला. म्हणाली, कौल लावायचाय. चुलतभाऊ पुढे झाला तर म्हणाली, "तू नगं. तवा ज्याच्या हातानं देव बोलला, त्याच्याच हातानं इचारायचंय." गाऱ्हाणं तिनं स्वतःच घातलं. "माझं वय झालं. हाय का न्हाई, येवडंच सांग. हाय तर उजवी. न्हाई तर डावी."

मी देवाला अंघोळ घातली. दोन्ही कळ्या सारख्या पाण्यात बुडवल्या. खळग्यापासून दूर, वडिलांनी शिकवलं होतं तशा लावल्या. हात काढला, मागे सरलो. आणि आयुष्यात पहिल्यांदा मी त्या दगडापुढे डोळे मिटले आणि भीक मागितली — डावी पाड. तू सांग तिला, म्हणजे मला सांगावं लागणार नाही. बघा, तेव्हाही हेच. तेव्हाही मी माझं काम त्याच्यावर ढकलत होतो.

एकही कळी पडली नाही.

लोक थांबले, कुजबुजले, आरतीला जायला हवं म्हणून उठून गेले. ऊन गाभाऱ्याच्या पायरीवरून उतरलं. दोन्ही कळ्या सुकत चालल्या होत्या आणि जागच्या हलत नव्हत्या. मावशी मांडी घालून बसली होती, मी तिच्या शेजारी. शेवटी तीच म्हणाली, "ऱ्हाऊ दे सुभाष. त्याला न्हाई बोलायचं आज." थोड्या वेळानं म्हणाली, "त्या येळी कसं लगीच पडलं हुतं रं फूल." ती कौतुकानं म्हणाली की आणखी कशानं, ते मला तिच्या आवाजावरून कळलं नाही. तिच्या तोंडाकडे बघायचा धीर झाला नाही.

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं. "मावशी," एवढं म्हणालोही.

ती म्हणाली, "मी रोज हाक मारती, देवालाबी आन् त्यांनाबी. ओ येत न्हाई म्हनून कुनी न्हाई, आसं थोडंच आसतंय? ऐकत आसनार. माझं काय, मी हाक मारत ऱ्हानार." आणि उठायला हात पुढे केला.

मी तिला हात दिला आणि म्हणालो, "मावशी, पायरी बघून उतरा."

एवढंच म्हणालो. ती घरी गेली, मी संध्याकाळच्या गाडीनं टाकव्यावरून लोणावळ्याला आलो. बंगल्यावर पाहुणे यायचे होते, गीझर लावायचा होता.

खळगा अजून तिथेच आहे. खाली कातळाजवळ दगड मी रचले तसेच असतील. आता यावेळी उंबऱ्यात दिवा लागला असेल आणि ती बोलत असेल, भिंतीच्या अलीकडे, आमच्या बंद घरात, आता ऐकायला कुणी राहत नाही. ओ येत नाही असं ती म्हणते. आली होती, मावशी. आबांनी ओ दिली होती, दोनदा दिली होती. ती कडा चढून वर आली, रान ओलांडून गावात आली, आणि माझ्या दारापर्यंत पोचली होती.